गोळी तीच, घड्याळ चुकतंय: कंपवातात लेव्होडोपा देताना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामा, म्हणजे तुमचे सासरे, 71 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. सहा वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन. सिंडोपा 110, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, दिवसातून तीनदा: सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8. तिन्ही वेळा खाणं झाल्यावर, सकाळची तर कपभर दुधाबरोबर. दुपारची गोळी ‘लागूच पडत नाही’. मळमळ होते म्हणून मेडिकलमधून उलटीची गोळी आणली, ती महिनाभर चालू आहे, आणि त्याच महिन्यात चाल आणखी जड झाली. जोडीला थरथरीसाठी पॅसिटेन, बीपीची गोळी आणि रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची कॅप्सूल. त्यातच शेजारच्या काकांनी सांगितलं की सिंडोपा पाच वर्षांत निकामी होते, ती सोडा आणि खाजकुयलीचं चूर्ण चालू करा. तुम्ही विचारलंय, गोळी बंद करू की वाढवू?

मला वाटतं, अडचण वेगळीच आहे. औषध मामांच्या पोटात जातंय, पण मेंदूपर्यंत पोचतंय का? आणि पोचलंच, तर दुसरी एखादी गोळी त्याला आडवी येतेय का? गेली 22 वर्षं मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कंपवाताचे रुग्ण पाहतोय. ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं औषध बदलावं लागत नाही. वेळ बदलावी लागते, नाहीतर भलतंच एखादं औषध काढून टाकावं लागतं. मामांना मी तपासलेलं नाही. त्यांची किडनी, हृदय, स्मरणशक्ती कशी आहे हे मला ठाऊक नाही, म्हणून डोस किती हे इथून सांगणार नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण विचार कसा करायचा आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल. सिंडोपाची गोळी एकदम बंद करू नका. काकांच्या सांगण्यावरून नको, ‘चार दिवस बघूया’ म्हणून नको, उपवास आहे म्हणून तर नकोच.

काही वर्षांपूर्वी 68 वर्षांचे एक शेतकरी खुब्याचं हाड मोडून एका रुग्णालयात दाखल झाले होते. ऑपरेशन व्हायचं म्हणून तोंडाने काही द्यायचं नाही असा शेरा फाइलवर पडला. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं, शेरा मात्र तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ, ताप 104, घामाने चादर ओली, आणि बायकोला ओळखेनात. सगळे जंतुसंसर्ग शोधत होते. गोळ्यांची स्ट्रिप तिन्ही दिवस मुलाच्या शर्टाच्या खिशात होती. ‘डॉक्टर म्हणाले काही द्यायचं नाही, म्हणून नाही दिली,’ तो मला म्हणाला. त्याचं काय चुकलं? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नाकातून नळी घातली, गोळ्या पाण्यात विरघळवून सुरू केल्या, जोडीला बाकीचे उपचार केले. ते वाचले. पण पुन्हा काठी धरून उभं राहायला चार महिने गेले.

लेव्होडोपा अचानक तुटलं की असं होऊ शकतं: प्रचंड ताठरपणा, ताप, भ्रम, स्नायूंच्या पेशी फुटून किडनीवर ताण. हे रोज घडत नाही, पण घडलं तर जिवावर बेततं. म्हणून मामांना कधीही कुठेही दाखल करावं लागलं, तर पहिल्या पाच मिनिटांत ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा की कंपवाताच्या गोळ्या वेळेवर जायलाच हव्यात आणि तोंडाने देता येत नसतील तर नळीवाटे द्याव्या लागतील. वॉर्डात गोळ्या साधारण राउंडच्या वेळेला वाटतात. कंपवाताच्या माणसाला ते वेळापत्रक सोसत नाही. त्यांची स्वतःची डबी जवळ असू द्या आणि सिस्टरना दाखवून, त्यांना विचारून त्यांच्या वेळेला द्या. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्यावा, पुढच्याची वेळ अगदी जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दोन एकदम कधीच घेऊ नयेत.

आता मळमळीकडे वळू, कारण मला वाटतं तुमच्या घरातला गुंता तिथूनच सुरू झालाय.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. डोपामिनच थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. त्याचा कच्चा माल, म्हणजे लेव्होडोपा, मात्र शिरतो. 1961 मध्ये व्हिएन्नात तो पहिल्यांदा रुग्णांना शिरेतून दिला गेला. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, दिवसाला काही ग्रॅमपर्यंत दिला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालू लागली. पण ती ओकून हैराणही व्हायची, कारण बराचसा लेव्होडोपा वाटेतच, आतड्यात आणि रक्तात, डोपामिन होऊन जायचा आणि उलटीचं केंद्र चाळवायचा. यावर उतारा म्हणून 1970च्या दशकात त्याच गोळीत कार्बिडोपा आला. त्याचं काम एकच: लेव्होडोपाला वाटेत फुटू न देणं. तो राखणदार आहे असं समजा.

तुमच्या स्ट्रिपवरचं 110 हे या दोघांच्या बेरजेतून आलेलं आहे. 100 मिग्रॅ लेव्होडोपा आणि 10 मिग्रॅ कार्बिडोपा. राखणदाराने काम नीट करायचं तर दिवसाला साधारण 70 ते 100 मिग्रॅ कार्बिडोपा लागतो. मामांना तीन गोळ्यांतून मिळतोय 30. मग मळमळ होणारच. याच कंपनीची ‘प्लस’ गोळी असते, तिच्यात लेव्होडोपा तेवढाच, 100, पण कार्बिडोपा 25. तीन गोळ्यांत 75 होतो. नुसत्या एवढ्या बदलाने मळमळ गेलेले रुग्ण मी कितीतरी पाहिलेत. हा बदल तुम्ही परस्पर करायचा नाही, कारण लेव्होडोपा जास्त पोचू लागला की परिणामही वाढतो आणि कुणाकुणाचं बीपी उतरतं. पण ‘कार्बिडोपा कमी पडतोय का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. कुठल्याही डॉक्टरला तो आवडेल.

आता ती उलटीची गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत आणि माझा जीव तिथेच अडकलाय. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतलं नाव वाचा, दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. त्यावर मेटोक्लोप्रमाइड असेल (पेरिनॉर्म, रेग्लान ही त्याची ओळखीची नावं), तर महिनाभरात चाल का बिघडली याचं उत्तर बहुतेक सापडलं. हे औषध मेंदूत जाऊन डोपामिनची कुलपंच बंद करून ठेवतं. एका हाताने किल्ली द्यायची आणि दुसऱ्या हाताने कुलपात मेण भरायचं, असा तो प्रकार आहे. धडधाकट माणसालाही हे औषध कधीकधी कंपवातासारखी लक्षणं आणतं. प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, त्याच जातीचं. आपल्याकडे चक्कर आली की पहिली तीच गोळी हातात पडते. चक्करेवरच्या सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन याही कंपवातात नकोत.

गॅसची कॅप्सूलही तपासा. तिच्यावर पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल ही नावं असतील, त्यांचं काही नाही. पण पुढे अधिकचं चिन्ह टाकून ‘लिव्होसल्पिराइड’ लिहिलेलं असेल तर तीही थांबवण्याबद्दल आजच डॉक्टरांना फोन करा. मला आमच्या ओपीडीत सगळ्यात जास्त सापडणारा चोर हाच आहे. माणसं ‘कंपवाताची औषधं’ म्हणून दोन स्ट्रिपा दाखवतात आणि गॅसची कॅप्सूल पिशवीतच ठेवतात, कारण ते काय मोठं औषध आहे? म्हणून मी पिशवीच टेबलावर उलटी करायला सांगतो. एकदा एका आजींची चाल आठ महिन्यांत ढासळली होती. सूनबाईंनी पिशवी उलटी केली, तळाशी पानसुपारीच्या पुडीला चिकटलेली ती कॅप्सूल निघाली. आजी ती वर्षभर रोज घेत होत्या, कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. लेव्होडोपाची एक गोळीही न वाढवता, ती कॅप्सूल बंद केल्यावर दोन-अडीच महिन्यांत आजी पुन्हा अंगणात तुळशीला पाणी घालायला जाऊ लागल्या. अशा औषधांचा परिणाम उतरायला आठवडे लागतात, कधी महिने. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका.

मग उलटीला द्यायचं काय? डॉमपेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून कंपवातात ते चालतं. मात्र ते हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, तेव्हा वयस्कर माणसाचा ईसीजी बघून, कमी डोसमध्ये, थोडे दिवस द्यायचं असतं. ऑनडान्सेट्रॉनही सहसा चालतं. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच, मेडिकलच्या काउंटरवरून नको.

आता दुपारची गोळी, जी ‘लागूच पडत नाही’. मामा एक वाजता जेवतात असं तुम्ही लिहिलंय: भाकरी, आमटी, भात, वाटीभर दही. दोन वाजता गोळी. लेव्होडोपा रासायनिकदृष्ट्या एक अमिनो आम्ल आहे, आणि डाळीतली, दह्यातली प्रथिनंही पोटात फुटून अमिनो आम्लंच होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला या सगळ्यांना एकच दार आहे. एसटी सुटायच्या वेळी दारात जशी झुंबड उडते, तशी तिथे उडते, आणि एकटी गोळी मागे राहते. शिवाय लेव्होडोपा शोषला जातो तो लहान आतड्यात. पोट भरलेलं असेल तर गोळी जठरातच रेंगाळते. कंपवातात मुळात जठर सावकाश रिकामं होतं. बद्धकोष्ठ असेल तर आणखीच.

त्यामुळे साधा हिशोब असा की गोळी जेवणाच्या अर्धा ते पाऊण तास आधी, पेलाभर पाण्याबरोबर. राहून गेली तर जेवणानंतर किमान दीड तासाने. दुधाबरोबर नको. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर चुरमुरे, एखादं बिस्किट किंवा अर्धं केळं खाऊन घ्यावी, एवढ्याने काही बिघडत नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन तासांचं तरी अंतर ठेवा, लोह लेव्होडोपाला धरून बसतं.

इथे एक सांगायला हवं. प्रत्येक रुग्णाला हे इतकं काटेकोर लागत नाही. पहिल्या दोन-चार वर्षांत मेंदूत अजून साठवायची ताकद असते, गोळी जेवणानंतर घेतली तरी दिवस निभावतो. अशा माणसाला मी उगाच घड्याळाला बांधत नाही. मामांना सहा वर्षं झालीत आणि दुपार हातची जातेय, म्हणून त्यांच्या बाबतीत हे लागू आहे. आणि कृपा करून त्यांची डाळ, अंडी, दूध बंद करू नका. ‘प्रथिनं गोळीला मारतात’ एवढंच ऐकून घरच्यांनी सगळं तोडलं आणि सहा महिन्यांत रुग्णाचं वजन आठ किलो उतरलं, हेही मी पाहिलंय. प्रथिनं पूर्ण खायची, फक्त गोळीपासून लांब. गरज पडली तर दही-पनीर-मासे यांचा भार रात्रीच्या जेवणाकडे सरकवतात, दिवसा हालचाल मोकळी राहावी म्हणून.

सकाळी 8, दुपारी 2, रात्री 8 हे वेळापत्रकही डॉक्टरांबरोबर पुन्हा बघा. मामा उठतात सहाला. म्हणजे दोन तास ताठ अंगाने संडास, अंघोळ, बटणं. लेव्होडोपा रक्तात अर्धा व्हायला तास-दीड तासच लागतो. आजार जुना होत जातो तसा गोळीचा जोर तीन-चार तासांतच ओसरू लागतो. मग तेवढ्याच गोळ्या दिवसात वेगळ्या वाटून, किंवा लहान डोस जास्त वेळा देऊन, कधी सोबत दुसरं औषध जोडून ती तूट भरून काढतात. रात्री कुशीवर वळता येत नसेल तर रात्रीचा डोस मोलाचा, येत असेल तर तो संध्याकाळी आणता येतो. हे घराघरात वेगळं असतं. मामा किती वाजता सगळ्यात जास्त अडतात, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण एके काळी डॉक्टरही तेच म्हणायचे. गोळी जितकी उशिरा सुरू कराल तितकी पुढे जास्त टिकेल, असा समज होता. तो तपासून पाहिला गेलाय. घानामध्ये औषध सहजी मिळत नसल्याने रुग्णांना लेव्होडोपा फार उशिरा सुरू व्हायचा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची तुलना इटलीतल्या रुग्णांशी केली. अंग आपोआप वळवळणं आणि गोळीचा जोर मधेच ओसरणं हे त्रास दोन्हीकडे आजार सुरू होऊन साधारण तेवढीच वर्षं झाल्यावर आले. औषध किती वर्षं घेतलं याच्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या 445 रुग्णांच्या अभ्यासात अर्ध्यांना लेव्होडोपा लगेच दिला, अर्ध्यांना 40 आठवडे उशिरा. 80 आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, तसा बिघडलाही नाही. पाच वर्षांनी गोळी निकामी होत नाही. आजार पुढे सरकलेला असतो आणि गोळी कमी पडू लागते. डोस गरजेपेक्षा मोठा असेल तर वळवळ लवकर येऊ शकते, म्हणून आम्ही कमीत कमी पुरेल एवढाच ठेवतो. पण घाबरून माणसाला ताठ बसवून ठेवण्यात काही शहाणपण नाही. त्या काळात तो पडतो, अंथरूण धरतो, आणि गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

खाजकुयलीबद्दल मला आदर आहे. शेताच्या बांधावरच्या या वेलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतो आणि आपल्या वैद्यांनी कंपवातात ती फार पूर्वीपासून वापरलीय. पण ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे मात्र खरं नाही. तिच्यात लेव्होडोपा आहे म्हणूनच ती जपून घ्यायची. बियांत तो साधारण 4 ते 6 टक्के धरला, तर पाच ग्रॅम चूर्णात 200 ते 300 मिग्रॅ झाला. मामांच्या दोन-तीन गोळ्यांइतका! त्यात गोळीतला कार्बिडोपा अंगात असताना हे चूर्ण घेतलं तर त्याचा जोर आणखी वाढतो. आणि डबी बदलली, बियाणं बदललं की प्रमाण बदलतं. एका आठवड्यात वळवळ, दुसऱ्यात ताठरपणा. मामांना वैद्यांचं औषध घ्यायचंच असेल तर वैद्यांना सिंडोपाची स्ट्रिप दाखवा आणि न्यूरॉलॉजिस्टना चूर्णाची डबी दाखवा. दोघांपैकी एकापासून लपवून मात्र काही देऊ नका. आणि गोळी बंद करून चूर्ण, हे तर अजिबात नको.

बीपीकडे लक्ष द्या. कंपवात, लेव्होडोपा आणि बीपीची गोळी हे तिघेही उभं राहिल्यावर बीपी उतरवतात. प्रोस्टेटची गोळी असेल तर ती चौथी. घरी मशीन असेल तर मामांना पाच मिनिटं आडवं ठेवून मोजा, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा, बीपीची गोळी कमी करता येईल का हे ते बघतील. चक्कर आली म्हणून कुणी स्टेमेटिल देऊ नये, हे वर लिहिलंच आहे.

पॅसिटेन थरथर कमी करते, पण सत्तरीपुढच्या माणसाला ती विसराळूपणा, गोंधळ, बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणं देऊ शकते. मामांना हल्ली नावं आठवत नाहीत असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. मी तुमच्या जागी असतो तर तेच पहिल्या ओळीत लिहिलं असतं. ही गोळी लागतेच का, हे विचारा. तीही एकदम थांबवायची नाही, हळूहळू उतरवायची असते. पुढे कधी मामांना खोलीत नसलेली लहान मुलं दिसू लागली, जमिनीवर मुंग्या दिसू लागल्या, तर वाद घालू नका आणि झोपेची गोळीही आणू नका. डॉक्टरांना कळवा. आधी लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं आणि पॅसिटेनसारखी औषधं बघतात. गोंधळलेल्या माणसाला शांत करायला देतात ते हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन कंपवाताच्या माणसाला देऊ नये, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. रात्री दोन वाजता अपघात विभागात ते सांगायची वेळ घरच्यांवरच येते.

मामांच्या यादीत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरात असेल म्हणून सांगतो. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही कंपवातावरची औषधं काही जणांत जुगार, खरेदी, खाणं, कामेच्छा यांचा आवरता न येणारा ओढा निर्माण करतात. माझ्या एका रुग्णाने फोनवरच्या रमीत निवृत्तीच्या पैशातला मोठा भाग घालवला. बायकोला वाटलं स्वभाव बिघडला. औषध हळूहळू काढलं तेव्हा तो ओढा गेला, पैसे काही परत आले नाहीत. मी हे औषध सुरू करताना आता दोघांनाही समोर बसवून सांगतो, कारण रुग्ण स्वतःहून कधीच बोलत नाही, लाज वाटते. कंपवातावरचीच रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही औषधं घेणाऱ्यांनी खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप आणि दुखण्यावरचं ट्रामाडोल टाळावं.

मेडिकलमध्ये 110 संपली असेल तर ‘हीच आहे, फक्त सीआर आहे’ म्हणून वेगळी स्ट्रिप हातात येते. घेऊ नका. सीआर म्हणजे सावकाश सुटणारी. तिच्यातला लेव्होडोपा साध्या गोळीच्या मानाने साधारण 70 टक्केच अंगी लागतो आणि जोर चढायलाही वेळ लागतो. ती कुटायची नाही, चावायची नाही. दहा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढची खरेदी करा. आणि पावसाळ्यात गोळ्या स्ट्रिपमधून काढून आठवडाभर डबीत भरून ठेवू नका, ओल आणि उजेड दोन्हींनी त्या खराब होतात. दिवसापुरत्याच काढा. लघवी किंवा घाम तांबूस-काळपट दिसला, बनियनवर डाग पडला, तर घाबरू नका, तो औषधाचा रंग असतो.

तर क्रम असा लावा. आज उलटीच्या गोळीच्या आणि गॅसच्या कॅप्सूलच्या स्ट्रिपांवरची नावं वाचून डॉक्टरांना फोन. उद्यापासून गोळी दुधाऐवजी पाण्याबरोबर आणि जेवणाआधी, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, कारण जास्त पोचू लागलेल्या औषधाने बीपी उतरू शकतं. कार्बिडोपा, पॅसिटेन आणि वेळापत्रक यांचं बोलणं पुढच्या भेटीत.

त्या भेटीआधी पाच दिवस एक वही ठेवा. शंभर पानी, आडव्या रेघांची, साधी. तासातासाला एकच अक्षर: मोकळे असतील तर ‘मो’, अडलेले असतील तर ‘अ’, अंग वळवळत असेल तर ‘व’. गोळीच्या वेळेला गोल करा, जेवणाच्या वेळेला फुली. पाच पानं झाली की दुपारचं कोडं तुम्हालाच सुटलेलं दिसेल, डॉक्टरांना ते दहा सेकंदांत दिसतं. आणि मामा शिक्षक आहेत, तर त्यांनाही या कामात घ्या. कंपवातात अक्षर बारीक होत जातं. दुपारच्या गोळीआधी त्यांना वहीत त्यांच्या आवडीची एक ओळ लिहायला सांगा, आणि गोळीनंतर तासाभराने तीच ओळ त्याच पानावर, पहिलीच्या खाली. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा.